सुरू झाली तर जा

वाल्मीक गायधनी सरांनी उभ्या आयुष्यात विचार न करता एकच शब्द दिला, आणि तो नेमका पोटच्या मुलीला दिला.

एरवी सर शब्दांच्या बाबतीत फार जपून. नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवून शिकवून त्यांना अशी सवय लागली होती, की रिक्षावाल्याला थांबवतानाही आपलं वाक्य अर्धवट राहिलं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पण त्या संध्याकाळी पुढ्यात नववीचे पेपर पडले होते. 'सूर्य उगवला नाही तर' या विषयावर अख्ख्या वर्गानं एकच निबंध लिहिला होता आणि डोक्यात सगळा 'तर'चा अंमल होता. अशा वेळी निकिता समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, सिन्नरच्या पुढे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलची शर्यत आहे. मुलींचा वेगळा गट ठेवलाय. मी मामाची गाडी घेऊन उतरू का?"

सरांनी मान वर केली नाही. एका निबंधातला 'सूर्या'चा दीर्घ ऊकार लाल पेनानं ठळक करत ते म्हणाले, "सुरू झाली तर जा."

ती नाचत आत गेली. सरांना वाटलं, आपण नकार किती सुरेख दिला!

कारण मामाची गाडी सुरू होणार नव्हती. हा मामा म्हणजे सरांचा मेव्हणा हिरामण. मस्कतला नोकरी लागली तेव्हा "दाजी, जरा सांभाळा," म्हणून त्यानं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली आणून उभी केली आणि विमानात बसला. ती टू-स्ट्रोक होती, परदेशी होती, आणि फक्त मातीत, खड्ड्यांत आणि हवेत चालवण्यासाठी बनवलेली होती. तिला दिवा नव्हता, आरसा नव्हता, नंबर नव्हता. सीट सरांच्या छातीशी यायची. टायर फणसाच्या पाठीसारखे. जिन्याखाली ती अशी तिरकी उभी असायची, की येणाऱ्याजाणाऱ्याला आपण तिच्या वाटेत आलोय असंच वाटावं. निकितानं याच गाडीवर मामाबरोबर सिन्नरच्या मोकळ्या रानात हात साफ केला होता, ही गोष्ट सरांना माहीत होती. पण 'माहीत असणं' आणि 'मनावर घेणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत.

दुसऱ्या दिवसापासून निकिता रोज सकाळी खाली जाऊन किक मारू लागली. खटॅक. खटॅक. खटॅक. सर वर गॅलरीत चहा घेत तो आवाज ऐकायचे. इतका समाधान देणारा आवाज त्यांनी फार दिवसांत ऐकला नव्हता. मुलीला आपण आडकाठी केली नाही, संधी दिली, आणि संधी खाली जिन्याखाली ठार मेलेली आहे! बाप म्हणून याहून सोयीची परिस्थिती कुठली?

हे सुख टिकलं असतं. ते मोडलं तळमजल्यावरच्या सावळीराम काकांनी. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांच्याकडे राजदूत होती, एवढ्या भांडवलावर ते जगातल्या कुठल्याही इंजिनाबद्दल बोलत. एका रविवारी सर दूध घेऊन येत होते. निकिता घामाघूम होऊन गाडीशी बसली होती, भोवती सोसायटीतली चारचौघं मंडळी जमली होती, आणि सर म्हणाले, "बघू, मी एकदा बघू का?"

"राहू द्या हो, सर," काका मायेनं म्हणाले. "हे तुमचं काम नाही. तुम्ही आपलं शुद्धलेखन बघा."

मंडळी हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली.

सरांनी दुधाची पिशवी काकांच्याच हातात दिली, पँट किंचित वर ओढली आणि गाडीवर चढले. चढण्यातच दोन प्रयत्न गेले. मग त्यांनी सगळा जोर एकवटून किक मारली. इंजिन सुरू झालं नाही, पण किकचा दांडा मात्र गेला तसा उलटा आला आणि सरांच्या नडगीवर असा काही बसला, की त्यांच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला तो नववीतल्या एकाही मुलाच्या तोंडून त्यांनी खपवून घेतला नसता.

त्या क्षणी तो मामला निकिताचा राहिला नाही.

"हात लावू नकोस," सर नडगी चोळत मुलीला म्हणाले. "आता ही माझी आहे."

संध्याकाळी हिरामणला व्हिडिओ कॉल लावला. मस्कतचं नेटवर्क असं होतं, की हिरामणचं तोंड आधी उघडायचं आणि शब्द नंतर यायचे. "दाजी, जुनं पेट्रोल ओतून टाका... नवीन भरा... आणि टू-टी ऑइल मिसळा, विसरू नका... याच्यात इंजिनाला वेगळं ऑइल नसतं... पेट्रोलबरोबरच पितं ते आणि पेट्रोलबरोबरच जाळतं..."

सर थबकले. जे प्यायचं तेच अंगाला लावायचं आणि तेच जाळून टाकायचं! फोन बंद झाल्यावर त्यांनी यावर एक व्हिडिओ पाहिला, मग आणखी एक. या इंजिनाला झडपांची भानगड नव्हती. दट्ट्या वर जाताना खालून नवा श्वास घेतो, खाली येताना जुना श्वास बाहेर ढकलतो, आणि प्रत्येक फेरीला एक ठिणगी. बस्स. एवढ्यावर माणूस डोंगर चढतो. सरांना जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

पण पेट्रोल आणायचं कसं? पंपावर बाटलीत पेट्रोल देणार नाहीत, गाडी आणा म्हणतील. गाडी रस्त्यावर न्यायची नाही, कारण ती रस्त्याची नाही. सरांनी या पेचावर पुष्कळ विचार केला आणि शेवटी गाडीची टाकीच सोडवून काढली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षात बसले.

"बाळ झोपलंय का?" रिक्षावाल्यानं आवाज हळू करून विचारलं.

पंपावरचा माणूस नळी हातात धरून कितीतरी वेळ इकडंतिकडं बघत होता. "गाडी कुठंय?"

"ही काय," सरांनी मांडीवरचा टॉवेल बाजूला केला.

"ही टाकी हाय."

"गाडीचाच अवयव आहे ना? मी बाटली आणलेली नाही. नियम बाटलीबद्दल आहे."

मागं स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले. पंपावरच्या माणसानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं टाकी उलटीसुलटी करून पाहिली, आणि अखेर, मागच्या रांगेला कंटाळून असेल किंवा सरांच्या चेहऱ्याला, नळी आत सोडली. परत येताना सरांनी ती टाकी छातीशी धरली होती आणि रिक्षावाला प्रत्येक गतिरोधकावर अदबीनं गाडी हळू घेत होता.

घरी येऊन त्यांनी हिरामणच्या सांगण्याप्रमाणे ऑइल मिसळलं. किक मारली. खटॅक. थोड्या वेळानं सर वर गेलेले पाहून सावळीराम काकांनी, "मास्तर माणूस, हात आखडता घेतला असणार," असं म्हणत आणखी थोडं ओतलं. याची सरांना कल्पना नव्हती. अजूनही काही घडेना, तेव्हा सरांनी गाडी ढकलत झुंबर मिस्त्रीकडे न्यायचं ठरवलं. सगळ्या जेलरोडवर टू-स्ट्रोकला हात लावणारा तेवढा एकच उरलाय, असं जो तो कळवळून सांगत होता.

चौकात वाहतूक हवालदारानं हात केला.

"नंबर कुठंय?"

"नाही."

"हेडलाइट?"

"नाही."

"आरसा? इंडिकेटर?"

"नाही."

"अहो मग हाय काय हिच्यात?"

"साहेब, तेच शोधायला चाललोय."

हवालदारानं पावतीचं मशीन काढलं, पण भरायचं काय हे त्याला सुचेना. सर गाडी चालवत नव्हते, गाडीबरोबर चालत होते. मशीनमध्ये असा गुन्हा नव्हता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग मशीन खिशात टाकून कार्ब्युरेटरकडे वाकून म्हणाला, "चोक वढून बघितला का? थंडीत लय त्रास देत्यात ह्या." एक पाववाला थांबला. त्यानं प्लग बघायला सांगितला. एका दुचाकीवरच्या बाईंनी आपल्या मिस्टरांचा कायनेटिकचा अनुभव सांगितला. सिग्नल हिरवा होऊन लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि सर चौकाच्या मधोमध अर्ध्या नाशिकरोडचा सल्ला ऐकत उभे होते. मागून एका बसवाल्यानं डोकं बाहेर काढलं. सरांना वाटलं शिव्या देतोय. तो ओरडला, "मास्तर, पेट्रोल चालू हाय का बघा, कॉक खाली करा!"

झुंबर मिस्त्रींनी गाडीच्या पोटाला हात लावला, डोळे मिटले, आणि पुष्कळ वेळ तसेच राहिले. "तहानलीय," असं एकच वाक्य बोलून त्यांनी कपाटावरून ऑइलचा डबा काढला आणि टाकीत धार धरली. ही धार तिसरी. "आता उद्या सकाळी मारा किक," मिस्त्री म्हणाले. "आजच्याला मुरू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी चोक ओढला, कॉक उघडला, देवाचं नाव घेतलं आणि किक मारली. तिसऱ्या-चौथ्या किकला आतून काहीतरी खाकरलं. त्यांनी पुन्हा पाय मारला, आणि ती सुरू झाली.

आवाज नंतर. आधी धूर आला. पांढरा, दाट, गोडसर वासाचा, सायलेन्सरमधून जणू कापूस पिंजून बाहेर फेकावा तसा. पार्किंग दिसेनासं झालं. जिना दिसेनासा झाला. पहिल्या मजल्यावर सुलाबाईंच्या गॅलरीत कुरडया वाळत होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. "फवारणीवाले आले! मच्छरांचे! खिडक्या लावा!" असा सुलाबाईंचा आवाज आला आणि मजल्यामजल्यांवर खिडक्या धडाधड बंद झाल्या. त्या धुराच्या पोटात सर एकटे होते. हाताखाली हँडल थरथरत होतं. तो थरकाप मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत गेला, आणि सरांना वाटलं, आपण इतके दिवस जिला लोखंड समजत होतो ती रागावलेली आहे, जागी आहे, आणि आपण तिला उठवलंय.

मग तिनं दोन उचक्या दिल्या आणि ती गप्प झाली. त्यानंतर किती किका मारल्या, पण नाही. प्लग काढला तर तो तेलात तळून काढल्यासारखा निथळत होता.

धूर ओसरल्यावर त्यातून सोसायटीचे सेक्रेटरी धनराज आहिरे बाहेर आले. चष्मा पुसत म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तक्रारी आल्या आहेत." दुपारी फळ्यावर सूचना लागली: सदर वाहन सोसायटीच्या आवरात फक्त रविवारी सकाळी, फक्त दोन मिनिटं चालू ठेवता येईल. सरांनी सूचनेखाली सही केली, तीतला 'आवरात' हा शब्द 'आवारात' असा दुरुस्त केला, आणि अपमान गिळला.

त्या आठवड्यात कार्ब्युरेटर जेवणाच्या टेबलावर आला. वर्तमानपत्र पसरलं, स्टीलच्या वाट्या मांडल्या, एकेका वाटीत एकेक स्क्रू. सर व्याकरणाचे होते. वाक्याचं पृथक्करण त्यांनी जन्मभर केलं होतं, आता यंत्राचं करत होते. "ही गाडी भावे प्रयोगातली आहे," ते बायकोला, मोहिनीबाईंना म्हणाले. "ना कर्त्याचं ऐकते, ना कर्माचं."

मोहिनीबाई पोस्टात काउंटरवर असतात. दिवसभर लोकांच्या भानगडी ऐकून त्यांना कुठल्याही भानगडीचा शेवट आधी दिसतो. ताटं कुठं मांडावीत याचा विचार करत त्या म्हणाल्या, "अहो, ही सुरू झाली तर निकी शर्यतीला जाणार. कळतंय ना तुम्हाला?"

"ते नंतर बघू. आधी सुरू तर होऊ दे."

"म्हणजे तुम्हाला कळत नाहीये," मोहिनीबाई म्हणाल्या आणि ताटं ओट्यावर मांडली.

वाट्यांतल्या एका वाटीत पितळेची एक एवढीशी वस्तू होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ही म्हणजे बारीक जेट, गाडी जागच्या जागी तेवत राहावी म्हणून जिच्यातून पेट्रोल झिरपतं. उन्हाळ्यात वाळलेल्या पेट्रोलानं तिचं भोक बुजलं होतं. निकितानं गिटारची एक तुटलेली बारीक तार आणून दिली. बाबांनी तिला तेवढंच काम दिलं होतं, तार आणायचं आणि नव्या पेट्रोलात ऑइल मापानं मिसळायचं. सरांनी तार घातली, फुंकलं, धुतलं, पुन्हा फुंकलं. मग खिडकीशी जाऊन ती जेट डोळ्यासमोर धरली.

आधी अंधार. मग टाचणीच्या टोकाएवढा उजेड. त्या उजेडात, कसं कोण जाणे, निळं आकाश होतं आणि पांडवलेणीच्या डोंगराची एक कड होती. सर तसेच उभे राहिले. एवढ्याशा भोकातून जाणाऱ्या पेट्रोलच्या रेषेवर ती एवढी मोठी, रागीट गाडी अवलंबून आहे! ते भोक किंचित मोठं असतं तरी चाललं नसतं, किंचित लहान असतं तरी नाही. कोणीतरी, कुठंतरी, जपानात की कुठं, हे इतक्या मायेनं मोजलं होतं.

"निकी," त्यांनी हाक मारली. "हे बघ. आतून बघ."

ती बघत राहिली. दोघंही आळीपाळीनं बघत राहिले. मोहिनीबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आकाशच आहे," पण त्यांनीही जरा जास्तच वेळ पाहिलं.

रविवारी पहिल्या किकला गाडी सुरू झाली. सर "अरे!" म्हणाले, आणि त्यांचं 'अरे' पुरं व्हायच्या आत गाडी आपोआप किंचाळायला लागली. अॅक्सिलरेटरला कोणाचा हात नाही, तरी आवाज चढतोच आहे, चढतोच आहे. सावळीराम काका दुधाच्या पातेल्यासकट खांबामागं गेले. धनराज आहिरे घड्याळ हातात धरून उभे होते, ते घड्याळ तिथंच टाकून पळाले. निकिता पुढं झाली आणि तिनं शांतपणे लाल बटण दाबलं. सगळं थांबलं. कुठल्यातरी मजल्यावरचं बाळ तेवढं रडत होतं.

"बाबा, कार्ब्युरेटरची क्लॅम्प आवळली होती का?"

सरांनी खिसा चाचपला. स्क्रूड्रायव्हर खिशातच होता. क्लॅम्प सैल होती, आणि फटीतून नुसती हवा घेऊन इंजिन बेफाम झालं होतं. त्यांनी ती आवळली. पुन्हा किक. आता ती धडपणे चालली. सरांनी आयडलिंगचा स्क्रू पाव आटा फिरवला, आणखी जरा, आणखी जरा परत. आवाज खाली आला, एकेक ठोका सुटा झाला, आणि मग ती जागच्या जागी चालू लागली, कोणी धरलेलं नसताना, कोणी काही म्हणत नसताना. सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ येत होती. सरांनी टाकीवर तळहात ठेवला. काळीज ऐकावं तसा.

"दोन मिनिटं झाली," घड्याळ उचलून परत आलेले धनराज म्हणाले, पण हळूच.

सरांनी बटण दाबलं. मागं जिन्यावर मोहिनीबाई उभ्या होत्या.

"झाली ना सुरू? मग आता?"

तेव्हा कुठं सरांच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. निकिता त्यांच्याकडे बघत होती. सर मराठीचे शिक्षक. संकेतार्थी वाक्यातला पहिला भाग खरा ठरला की दुसरा टाळता येत नाही, हे त्यांनी पिढ्यांना शिकवलं होतं.

"हेल्मेट चांगलं घे," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

शर्यतीच्या दिवशी छोट्या टेम्पोत गाडी बांधून तिघं सिन्नरच्या पुढं गेले. नांगरून सोडलेल्या मोठ्या रानात मातीचे उंचवटे रचले होते, टँकर पाणी मारत होता, कर्ण्यावर कोणीतरी अखंड बोलत होतं. आणि एका बाजूला अॅम्ब्युलन्स उभी होती. दार उघडं. आत पांढरी चादर. सरांनी ती एकदा पाहिली आणि मग सगळ्या दिशांना मान फिरवली, पण नजर पुन्हा तिथंच जात राहिली. आलेल्या मुली छातीला, गुडघ्यांना, मानेला कवचं बांधत होत्या. एक कोल्हापूरची होती, एक पुण्याची, हरसूलकडची एक होती जी बोलता बोलता हसत होती. निकिताही त्यांच्यात गेली आणि सरांना एकाएकी ती ओळखूच येईना.

सराव सुरू झाला. दोन फेऱ्या झाल्या आणि ट्रॅकच्या पल्याडच्या टोकाला तिची गाडी बंद पडली. ढकलत आणली. थोड्या वेळानं सुरू झाली. पुन्हा गेली, पुन्हा तिथंच कुठंतरी मेली. सोसायटीत दोन मिनिटांच्या वर ती कधी चालवलीच नव्हती, मग हा आजार दिसणार कसा? कोणी म्हणालं प्लग, कोणी म्हणालं कॉइल गरम होते, कोणी म्हणालं टू-स्ट्रोक आहे, सोडून द्या. शर्यतीला आता फार वेळ नव्हता.

निकिता टायरवर बसली होती. रडत नव्हती. काडीनं बुटांची माती काढत होती, एकेक खाच साफ करत, जणू तेवढंच काम तिला जगात उरलंय.

सर गाडीपाशी एकटे होते. पेट्रोल तरी आहे का बघावं, म्हणून त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ.

टाकीनं श्वास घेतला. इतका लांब, इतका हपापलेला श्वास, की सरांचा हात झाकणावरच थांबला. त्यांना लख्ख कळलं. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी वरून हवा यायला हवी. झाकणाला त्यासाठीच तर बारीक नळी असते. हवा येत नव्हती. गाडी जरा चालायची, आतली हवा संपायची, आणि मग पेट्रोल खाली यायचंच थांबायचं. थोड्या वेळानं इकडूनतिकडून हवा झिरपली की पुन्हा सुरू.

आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. तो आवाज त्यांनी एकट्यानं ऐकला होता.

झाकण परत लावलं असतं, तर काही घडलं नसतं. शर्यत होऊन गेली असती. अॅम्ब्युलन्सची ती पांढरी चादर तशीच घडी घालून राहिली असती. निकितानं त्यांना दोष दिला नसता, उलट संध्याकाळी जेवताना तीच त्यांची समजूत काढत बसली असती. सर झाकण हातात घेऊन उभे राहिले. नडगीवर अजून दुखत होतं. पलीकडं ती काडी एकाच खाचेत फिरत होती.

"मोहिनी," ते म्हणाले, "पिन दे."

मोहिनीबाईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. सरांनी नळी ओठांत धरून फुंकली. गाल फुगले, हवा जाईना. मग पिन घातली. आतून भुरकट मातीचा एक वाळलेला खडा सुटला, मग दुसरा, आणि तिसऱ्याबरोबर एक पारदर्शक, कागदासारखा पातळ पंख.

"कुंभारमाशी," मोहिनीबाई म्हणाल्या.

सरांनी ती माती तळहातावर घेतली. त्या एवढ्याशा जिवानं जिन्याखाली, अंधारात, ओल्या मातीचा एकेक कण तोंडात आणून ते घर लिंपलं होतं. आतून गुळगुळीत, गोल, नखानं केल्यासारखं. हिरामणला, सावळीराम काकांना, झुंबर मिस्त्रींना, हवालदाराला, साऱ्या नाशिकरोडला जे सापडलं नाही ते त्या माशीनं एका पिल्लासाठी केलेलं होतं. त्यांना ती माती फेकवेना. त्यांनी ती रुमालात बांधून खिशात ठेवली आणि हाक मारली, "निकी! ये. चालेल आता."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हेल्मेट चढवलं.

झेंडा पडला तेव्हा ती मागच्या रांगेत होती. पहिल्या वळणावर सगळ्या गाड्यांनी मिळून एवढी धूळ उडवली, की मुलगी आहे की गेली हे कळेना. सर दोरीच्या कडेकडेनं पळत सुटले. चप्पल कुठंतरी राहिली. कर्ण्यावरचा माणूस नावं ओरडत होता आणि सर प्रत्येक नावाला थांबून ऐकत होते, पण ते निकिताचं नसायचं. एक मुलगी उंचवट्याच्या पायथ्याशी घसरली, उठली, गाडी उचलली, पुन्हा निघाली. ती निकिता नव्हती. सरांना त्या मुलीसाठीही रडू आलं आणि ती निकिता नव्हती म्हणून सुटल्यासारखंही झालं, आणि दोन्हीची एकदमच लाज वाटली.

ते मोठ्या उंचवट्यापाशी पोहोचले तेव्हा तिकडून आवाज आला. हजार आवाजांत त्यांनी तो ओळखला असता. त्याच्या प्रत्येक ठोक्यावर त्यांनी हात ठेवला होता. तो आवाज चढत चढत उंचवट्याच्या पायथ्याशी आला, एकदम मोकळा झाला, आणि वर उडाला.

गाडी जमिनीवर नव्हती. दोन्ही चाकं रिकाम्या हवेत फिरत होती. गाडीवर उभी राहून, गुडघे किंचित वाकवून, सरांची मुलगी होती. मागं सिन्नरचं ऊन, खाली नांगरलेलं रान, आणि मध्ये ती. सगळा आवाज त्या वेळेपुरता कुठंतरी निघून गेला होता. सर तोंड उघडं ठेवून वर बघत होते. आपण हिला चालायला शिकवलं होतं, बोट धरून, गॅलरीपासून दारापर्यंत. हे आपण शिकवलेलं नाही. हे तिचं आहे.

मग चाकं मातीला लागली, गाडी हलली, सावरली आणि वळणापलीकडं गेली.

ती शेवटून तिसरी आली. पण पुरी आली, गाडी एकदाही बंद पडली नाही, आणि आयडलिंगला ती अशी काही निवांत तेवत होती, की बाजूच्या माणसानं थांबून सरांना विचारलं, ट्यूनिंग कुठं केलं.

सरांनी ते ऐकलं नाही. ते मोहिनीबाईंना शोधत होते. त्या टेम्पोच्या आडोशाला, डोळ्यांवर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. शर्यत सुरू झाल्यापासून तशाच.

"झालं?" त्यांनी पदराआडून विचारलं. "लागलं का तिला कुठं?"

"नाही लागलं."

"मग गप्प का तुम्ही?" त्यांनी पदर काढला. सरांचे पाय अनवाणी होते, चेहरा धुळीनं भरला होता आणि धुळीतून दोन ओघळ उतरले होते. "काय झालं? सांगा ना!"

जन्मभर मराठी शिकवलेला तो माणूस तोंड उघडून पुन्हा मिटत राहिला. मग त्यांनी बायकोचा हात धरला, तिला उठवून उंचवट्याच्या दिशेनं उभं केलं, आणि बोट वर केलं.

"तिथं," ते म्हणाले. "तिथं होती ती."

तिथं आता काही नव्हतं. धूळ खाली बसत होती आणि वर मोकळं आभाळ होतं. दोघं कितीतरी वेळ तिकडं बघत उभे राहिले.